प्रार्थना चालविणाऱ्याची जबाबदारी

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी नुकताच शिक्षकाच्या पेशात शिरलो होतो. नगर जिल्ह्यातील एका लहानशा खेड्यात मंडळीचे पाळक आजारी पडले, आणि एका रविवारची उपासना चालविण्यास मला बोलावणे आले. उपदेश मी चार पुस्तके चाळून तयार करून नेला होता. प्रार्थनेची तयारी मात्र काडीचीही केली नव्हती. प्रार्थनेस तयारी कशाला, त्या क्षणी अंतःकरणात जे येईल ते बोलावे, अशी माझी तेव्हा प्रामाणिक समजूत होती. मी डोळे मिटले आणि बोलू लागलो. जगातील सर्व राष्ट्रांसाठी, त्यांच्या राज्यकर्त्यांसाठी, दूरदूरच्या देशांत काम करणाऱ्या सेवकांसाठी, युद्धात सापडलेल्यांसाठी, तरुणांसाठी व वृद्धांसाठी मी मागणे मागितले. मध्येच माझ्या स्वतःच्या उणिवांचा पाढाही वाचला. पाव तास तरी सहज गेला असेल. उपासना आटोपल्यावर मी दाराशी उभा राहून लोकांचे सलाम घेत होतो. तेव्हा एक म्हातारी काठी टेकीत जवळ आली आणि रागाने नव्हे, मोठ्या मायेने म्हणाली, "मास्तर, समदं मागितलंत, पन पाऊस ऱ्हायला."

जुलै महिना अर्धा उलटून गेला होता. पेरलेले बी जमिनीतच करपत होते. त्या देवळात बसलेल्या चाळीस-पन्नास माणसांच्या मनात त्या सकाळी पावसावाचून दुसरे काही नव्हते. आणि त्यांच्या वतीने देवाशी बोलण्यास जो मी उभा राहिलो होतो, तो नेमका तेवढेच विसरलो होतो.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळांवर आज ना उद्या हे काम येणार आहे. सकाळची शाळेची प्रार्थना, वसतिगृहातील सायंकाळची उपासना, रविवारची शाळा, पुढे मोठेपणी आपापल्या गावची मंडळी, कोठे तरी कोणी तरी म्हणेल, "आता तुम्ही प्रार्थना चालवा." त्या वेळी बहुतेकांना दोनच भये वाटतात: शब्द सुचतील की नाही, आणि लोक काय म्हणतील. माझ्या मते ही दोन्ही भये अस्थानी आहेत. खरे भय निराळेच आहे. सर्वांच्या वतीने बोलावयाचे सोडून आपण सर्वांच्या देखत एकटेच बोलून खाली बसू, हे ते भय होय.

ही गोष्ट एका साध्या दृष्टान्ताने स्पष्ट होईल. गावात विहिरीचे पाणी आटले म्हणजे लोक मिळून मामलेदारांकडे अर्ज करतात. अर्ज लिहिणारा एकच असतो, परंतु त्याचा आरंभ "आम्ही खाली सह्या करणारे" असा होतो. लिहिणाऱ्याने त्यात आपल्या बांधाचे भांडण घुसडले, अथवा आपल्या विद्वत्तेचे प्रदर्शन मांडले, तर शहाणी माणसे खाली सही करणार नाहीत. आणि भिडेखातर केलीच, तर ती सही खोटी ठरेल. मंडळीतील प्रार्थनाही असाच एक अर्ज आहे, आणि "आमेन" ही त्याखालची सही आहे. तो शब्द मूळचा इब्री असून दृढ असणे, खरे असणे, असा त्याच्या धातूचा अर्थ आहे. प्रार्थना संपल्याची सूचना म्हणून तो उच्चारावयाचा नसतो. "हे जे बोलले गेले ते माझेही आहे," असे म्हणण्याचा तो एक प्रकार आहे.

पहिल्या शतकातील मंडळ्यांना ह्याची चांगली जाणीव होती. करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौलाने हाच मुद्दा काढिला आहे. तुझे उपकारस्मरण कितीही सुंदर असले, तरी जो शेजारी बसला आहे त्याला ते कळलेच नाही, तर त्याने आमेन म्हणावे कसे, असा त्याचा सवाल आहे. त्याच ठिकाणी तो समजण्याजोग्या पाच शब्दांना न समजणाऱ्या दहा हजार शब्दांहून अधिक मोल देतो. ज्याला बोलता येते त्याच्यापेक्षा ज्याला ऐकावयाचे आहे त्याची बाजू पौलाने घेतली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे इसवी सन १५५ च्या सुमारास जस्टिन मार्टिर ह्याने रोमी बादशहास लिहिलेल्या आपल्या समर्थनात रविवारच्या उपासनेचे वर्णन केले आहे. अध्यक्ष आपल्या शक्तीप्रमाणे प्रार्थना व उपकारस्तुती करी, आणि लोक आमेन म्हणून तिला संमती देत. अध्यक्षाच्या शब्दांना जस्टिनने जेवढे स्थान दिले, तेवढेच लोकांच्या एका शब्दास दिले आहे. चौथ्या शतकात जेरोमने रोम शहरातील मंडळ्यांच्या आमेनची तुलना आकाशातील गडगडाटाशी केली. आपल्या देवळांतील आमेन कित्येकदा पहिल्या बाकावरच विरून जातो, हे आठवले म्हणजे मनास थोडी लाज वाटते.

आणि हे काम केवळ मोठ्या माणसांचे आहे, असेही कोणी समजू नये. इसवी सन ३८१ ते ३८४ च्या दरम्यान एजेरिया नावाची एक बाई पश्चिमेकडून यात्रेस निघून यरुशलेमास राहिली होती. तिने आपल्या मैत्रिणींसाठी तेथील उपासनेचा जो वृत्तान्त लिहून ठेविला, त्यात संध्याकाळच्या प्रार्थनेचे एक मनोहर चित्र आहे. मंडळीचा सेवक एकेका माणसाचे नाव घेई, आणि प्रत्येक नावागणिक तेथे उभी असलेली असंख्य लहान मुले "प्रभो, दया कर" अशा अर्थाचे ग्रीक शब्द उच्चारून उत्तर देत. एक माणूस नाव घेतो, आणि सारी मुले त्याला उचलून धरतात! आपल्याकडील कीर्तनात बुवा पद उचलतात आणि मागचे साथीदार झील धरतात, तोच हा प्रकार नव्हे काय? रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पुरस्कार केला, त्यात आपल्या लोकांच्या ह्या अंगवळणी पडलेल्या रीतीची ओळख होती. जो बुवा झील धरण्यास जागाच ठेवीत नाही त्याचे कीर्तन रंगत नाही, हे खेड्यातील पोरालाही कळते. प्रार्थनेच्या बाबतीत मात्र आपण ते विसरतो.

आता प्रश्न असा की, प्रार्थना पुस्तकातील वाचावी की मनाने करावी? ह्यावर ख्रिस्ती लोकांनी शतकानुशतके वाद घातला आहे. इंग्लंडात १५४९ साली क्रॅनमर ह्याच्या हातचे प्रार्थनापुस्तक लोकभाषेत निघाले, आणि जी प्रार्थना लोक लॅटिनमध्ये नुसती ऐकत आले होते ती त्यांच्या ओठांवर आली. १६४५ साली पार्लमेंटाने ते पुस्तक बाजूस सारून नुसते मार्गदर्शक दिले. त्यात ठराविक शब्द लादण्याऐवजी पाळकाने कशाकशासाठी मागावे ह्याचा आराखडा होता. १६६२ साली पुस्तक सुधारून पुन्हा आले. दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकावे तो दोन्हीकडे सत्य दिसते. छापील प्रार्थनेत एका माणसाच्या लहरीपासून मंडळीचे रक्षण होते, व लोकांस पुढचा शब्द ठाऊक असल्याने ते मोकळ्या मनाने सामील होतात. परंतु नगर जिल्ह्यातील पाऊस कोणत्याही पुस्तकात आपोआप येत नाही. मनाने केलेल्या प्रार्थनेत पाऊस येऊ शकतो; पण येईलच असे नाही, हे मी वर माझ्याच उदाहरणाने सिद्ध केले आहे. प्रसिद्ध गीतकार आयझॅक वॉट्स ह्याने १७१५ साली प्रार्थनेवर एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले. केवळ पाठ शब्दांना जखडून राहणे व कसलाही विचार न करता आयत्या वेळच्या स्फूर्तीवर विसंबणे, ही दोन्ही टोके त्याने सोडावयास सांगितली. त्याचा तो सल्ला मला आजही उत्तम वाटतो. आपल्या महाराष्ट्रास तर हा वाद परका राहिलेलाच नाही. १९७० साली नागपुरास उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली, तेव्हा पुस्तक हाती धरून प्रार्थना करणारे आणि डोळे मिटून आपल्या शब्दांनी करणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक एका छपराखाली आले. एकमेकांपासून शिकण्याची ती मोठी संधी होती. किती जणांनी ती साधली हे ज्याने त्याने आपापल्या देवळात पाहावे.

माझ्या मते खरी कसोटी पुस्तकात नाही व स्फूर्तीतही नाही. ती एका सर्वनामात आहे. मराठी भाषेने ह्या बाबतीत आपल्यावर मोठे उपकार केले आहेत. इंग्रजीत ज्याला एकच शब्द आहे त्याला आपल्याकडे दोन आहेत: "आपण" आणि "आम्ही". ऐकणाऱ्यास धरून बोलावयाचे तेव्हा आपण. ऐकणाऱ्यास वगळून बोलावयाचे तेव्हा आम्ही. म्हणून चालविणारा मंडळीकडे पाहून म्हणतो, "आपण प्रार्थना करू या", आणि देवाकडे वळताच म्हणतो, "आम्ही तुझ्यापुढे आलो आहो." पुढे लक्ष ठेवा. प्रार्थनेच्या मध्यावर कोणी "आपण सर्वांनी नम्र झाले पाहिजे" असे म्हणू लागला, की समजावे, ह्या गृहस्थाने देवाशी बोलणे थांबविले असून मिटल्या डोळ्यांनी उपदेश सुरू केला आहे. "मी" हा शब्द वारंवार येऊ लागला, तर तो आपली खासगी खोली उघडून बसला आहे. आणि "ह्या लोकांना सुबुद्धी दे" असे ऐकू आले, तर तो लोकांतून उठून देवाच्या शेजारी जाऊन बसला आहे, असे समजण्यास हरकत नाही. प्रभूने शिष्यांना जी प्रार्थना शिकविली तिच्यात "माझा" हा शब्द मुळीच नाही. आपल्या खोलीत जाऊन, दार लावून, एकांतात प्रार्थना करावी असे सांगून झाल्यावर लगेच ती शिकविली आहे, तरी तिच्यात सर्वत्र "आमचा", "आम्हांस" असेच आहे. मूळ ग्रीक भाषेत ती ६० शब्दांच्या आत संपते. मी त्या रविवारी किती शब्द बोललो असेन ह्याचा हिशेब न केलेलाच बरा.

भाषेचाच आणखी एक गुण सांगतो. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते. त्यामुळे "हे प्रभो, जो तू प्राचीन काळी आपल्या लोकांस अरण्यातून चालविलेस, त्या तुझ्या अपार दयेने, जे आज आजाराने, दारिद्र्याने, कर्जाने व नाना प्रकारच्या चिंतांनी गांजले आहेत, त्या सर्वांस" येथपर्यंत पोहोचले तरी नेमके काय मागावयाचे आहे हे बिचाऱ्या मंडळीस कळलेले नसते. ती श्वास धरून क्रियापदाची वाट पाहत बसते. ही रचना बहुधा इंग्रजी प्रार्थनांची भाषांतरे वाचून आपल्यात शिरली असावी. तिकडे क्रिया आधी येते, म्हणून मागे कितीही लांब शेपूट चालते. मराठीत मागणी आखूड हवी. "आजाऱ्यांस बरे कर. कर्जात बुडालेल्यांस मार्ग दाखव. प्रवासात असलेल्यांस सांभाळ." असे म्हणून क्षणभर थांबावे. त्या थांबण्यात प्रत्येकजण आपला आजारी, आपला प्रवासी मनात आणतो, आणि प्रार्थना खऱ्या अर्थाने सर्वांची होते. स्तब्धतेचे आपल्याला उगीच भय वाटते. कोणी बोलत नाही म्हणजे कोणी प्रार्थना करीत नाही, असे थोडेच आहे?

येथे कोणी केडगावचे उदाहरण पुढे करील. पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात १९०५ साली जे जागृतीचे दिवस आले, त्यांत शेकडो मुली एकाच वेळी, प्रत्येकजण आपापल्या शब्दांनी, मोठ्याने प्रार्थना करीत. तेथे चालविणारा कोठे होता? मी त्या दिवसांचा अनादर करणार नाही. ज्या मुलींचे बोलणे जगाने कधी ऐकून घेतले नव्हते, त्यांना एकदम कंठ फुटला, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु ते पुराचे दिवस होते. नदी रोज पुरात नसते, आणि रोजच्या पाण्यासाठी घाट बांधावा लागतो.

आता मी एका अप्रिय विषयाकडे वळतो. तो सांगावा की न सांगावा ह्याचा मी बराच विचार केला. मी लहानपणी एका वसतिगृहात होतो. एके दिवशी कोठीतून काही पैसे नाहीसे झाले. सायंकाळच्या उपासनेत प्रार्थना चालविणाऱ्या शिक्षकांनी डोळे मिटून देवास विनंती केली की, ज्या मुलाने आपल्या उपकारकर्त्यांच्या घरी हात मारला, त्याला तू क्षमा कर व त्याचे कठीण हृदय मऊ कर. नाव त्यांनी घेतले नाही. पण "ज्याला नुकतेच घरून पत्र आले आहे" एवढे शब्द पुरेसे होते. माझ्या शेजारी बसलेल्या मुलाकडे, डोळे मिटलेले असूनही, साऱ्यांनी पाहिले. चार दिवसांनी पैसे हिशेबाच्या चुकीत सापडले. शिक्षकांनी त्याला एकीकडे बोलावून दोन गोड शब्द सांगितले म्हणे. परंतु प्रार्थनेत केलेला आरोप प्रार्थनेत मागे घेतला गेला नाही. तो मुलगा माझ्याबरोबर आणखी तीन वर्षे होता. त्याने पुन्हा कधी आमेन म्हटलेले मी ऐकले नाही. ओठ हलवीत असे, आवाज नसे. त्याच्या बाजूने विचार करा. वर्गात शिक्षक रागावले तर मुलाला उत्तर देता येते, निदान मनात तरी देता येते. प्रार्थनेत रागावले तर त्याने उत्तर कोणाला द्यावे? ज्याच्याकडे दाद मागावयाची त्याच्याच तोंडून जणू फिर्याद झालेली असते. म्हणून मला असे वाटते की, प्रार्थना चालविणाऱ्याच्या हातून होण्यासारख्या चुकांत लांबण, विसर, अडखळणे ह्या सर्व क्षम्य आहेत. प्रार्थनेच्या आडून माणसांना टोचणे ही एकच अशी आहे की, जी होण्यापेक्षा त्याने मुकाट्याने खाली बसलेले बरे. स्तुतीचेही तेच. बक्षीस-समारंभात पाहुण्यांच्या औदार्याची वाखाणणी देवापाशी करणारा खरे पाहता पाहुण्यांशीच बोलत असतो.

पालकहो, येथे आपल्याशीही दोन शब्द बोलावयाचे आहेत. मिशनच्या शाळांत सर्व धर्मांची मुले एकत्र शिकत आली आहेत, आणि त्यांच्यासमोर प्रार्थना चालविणे हे मंडळीत चालविण्याहून अवघड आहे. कारण "आम्ही" म्हणताना त्या शब्दात कोण आले व कोण आले नाही, हे चालविणाऱ्यास ठाऊक नसते. भारतीय राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाने ह्याचा निकाल कायद्यापुरता लावून ठेविला आहे. सरकारमान्य अथवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कोणत्याही विद्यार्थ्यास त्याच्या, व तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकांच्या, संमतीवाचून धार्मिक उपासनेस हजर राहण्यास भाग पाडता येत नाही. काही ख्रिस्ती बंधूंना हे बंधन वाटते. मला तर तो आमेन ह्या शब्दाचाच मान वाटतो. जबरीची सही अर्जाला बळ देत नाही. ती संपूर्ण अर्जच संशयास्पद करते. पण म्हणून कोणालाच न टोचेल अशी पातळ, बिनचवीची प्रार्थना करावी, हेही मला पसंत नाही. ख्रिस्ती मुलाने ख्रिस्ती प्रार्थना करावी, स्पष्टपणे व प्रेमाने करावी. ज्याला सामील व्हावयाचे नाही त्याला आदराने गप्प उभे राहण्याची किंवा बाहेर थांबण्याची मोकळीक असावी. आणि कोणी आमेन म्हटले, कोणी नाही, हे मोजीत कोणी बसू नये. एवढे पाळले, तर शिपायाच्या आजारी मुलाचे नाव प्रार्थनेत निघाले म्हणजे कोण कोणत्या धर्माचा हे कोणी पाहत नाही, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

तयारीविषयी मला फार सांगावयाचे नाही. शब्दांची तयारी करण्यापूर्वी माणसांची करावी. आदल्या दिवशी चार बाकांवर जाऊन विचारावे: घरी कोण आजारी आहे, कोणाची परीक्षा आहे, कोणाचे वडील कामासाठी परगावी गेले आहेत, कोणाला आनंद झाला आहे. सांगितलेले सगळेच उघड बोलावयाचे नसते. काही नावे नुसती मनात ठेवून तेवढ्यापुरते स्तब्ध राहावे. मग कागदावर चार-पाच ओळी लिहाव्या. कागद पाहून प्रार्थना केल्याने आत्मा विझतो, असे म्हणणाऱ्यास उत्तर देत बसू नये. आवाज शेवटच्या बाकास ऐकू जाईल इतका असावा, आणि शेवट ठाशीव असावा, म्हणजे आमेन सर्वांच्या तोंडून एकदम निघेल. प्रार्थना झाल्यावर "छान झाली" असे कोणी म्हटले, तर खूष होण्यापूर्वी जरा विचार करावा की, ह्याने आपली प्रार्थना ऐकली, की केली?

त्या खेड्यातील पाळकांना बरे होण्यास वेळ लागला, म्हणून पुढच्या रविवारी मला पुन्हा जावे लागले. ह्या वेळी मी तासभर आधी पोहोचलो आणि देवळाच्या ओट्यावर बसून येणाऱ्या प्रत्येकाची विचारपूस केली. म्हातारीची नात बाळंतपणासाठी आली होती. एकाचा बैल दगावला होता. दोघा भावांचा अबोला होता, आणि तो दोघांनीही मला वेगवेगळा सांगितला. प्रार्थना पाच मिनिटांत आटोपली. पाऊस मी सर्वांत आधी मागितला. भावांचे नाव मी घेतले नाही; थोडा वेळ नुसता थांबलो. आमेन झाला, त्यात म्हातारीचा आवाज साऱ्यांच्या वर होता. जाताना तिने मला काही म्हटले नाही, फक्त सलाम केला. पाऊस त्यानंतर अकरा दिवसांनी आला.